राजाचे आजोबा

माणसाची ओळख कशावरून पटवावी, या प्रश्नाचा निकाल आमच्या समाजात फार पूर्वीच लागून गेलेला आहे. प्रथम नाव विचारावे. नावामागून आडनाव, आडनावामागून गाव आणि गावामागून कुलदैवत. एवढे कळले की पुढे विचारण्यासारखे फारसे काही उरत नाही. लहानपणी आम्ही वडिलांबरोबर गोव्यास, प्रियोळच्या श्रीमंगेशाच्या दर्शनास जात असू. तेथे अग्रशाळेच्या पायरीवर बसलेले एखादे वृद्ध गृहस्थ आम्हांस जवळ बोलावून विचारीत, “तू कोणाचा रे?” आम्ही आजोबांचे नाव सांगितले की त्यांच्या मुद्रेवर समाधान पसरे. आम्ही शाळेत कितवे आलो किंवा पुढे कोण होणार, हे त्यांनी कधी विचारले नाही. आम्ही कोणाचे, एवढे कळले की आम्ही संपूर्ण कळलो! गोव्यातील देवळांच्या महाजनांना पोर्तुगीज सरकारने 1933 साली कायद्याच्या चौकटीत बसविले. परंतु ती नोंद कागदावर येण्यापूर्वी कित्येक पिढ्या लोकांच्या जिभेवर होतीच. त्या नोंदीत माणूस आपल्या कर्तृत्वाने शिरत नाही, जन्माने शिरतो.

असे हे संस्कार घेऊन वाढलेल्या आम्हांस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी एका कुत्रीच्या नावाने नवी ओळख मिळाली, आणि त्या ओळखीने आमच्या जुन्या समजुतींची थोडी झाडाझडती घेतली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचा जन्म हैदराबादचा. वडील नोकरीनिमित्त येथे आले आणि येथलेच झाले. काचीगुड्याचे बिऱ्हाड, विवेक वर्धिनी शाळा, सुलतान बाजारातील मराठी पाट्या आणि गणेशोत्सवातील व्याख्याने यांच्या कुंपणात आमचे आयुष्य सुखाने गेले. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि रस्त्यावर हैदराबादी हिंदी, अशी आमच्या जिभेची तीन दालने होती. 2019 साली चिरंजीवांच्या आग्रहाने आम्ही काचीगुडा सोडून शहराच्या पश्चिमेस, कोंडापूरच्या बाजूस, त्यांच्या नव्या सदनिकेत राहावयास आलो. जुन्या वस्तीत घराबाहेर पाऊल टाकताच चार नमस्कार होत. येथे उद्वाहकात रोज भेटणारा शेजारीसुद्धा आपल्या हातातील यंत्राकडे पाहून उभा राही. आम्हांस कोणी “तुम्ही कोणाचे?” असे विचारीना, आणि ज्याला हे कोणी विचारत नाही, तो कोणाचाच नसतो, असे आम्हांस वाटू लागले.

अशा वेळी नातीच्या हट्टाने घरात ब्राउनी आली. ती लॅब्रॅडॉर जातीची, गुळाच्या रंगाची कुत्री. हट्ट नातीचा, पैसा चिरंजीवांचा आणि तिला फिरवून आणण्याचे कर्तव्य आमचे, अशी वाटणी कोणी न करताच झाली. सेवानिवृत्त माणसाला वेळ असतो, हे घरातील सर्वांस ठाऊक असते. फक्त त्यालाच ते मान्य नसते.

कोंडापूरला हैदराबादच्या महानगरपालिकेने 2018 साली खास कुत्र्यांसाठी एक उद्यान उघडले. भारतातील अशा प्रकारचे ते पहिले, असा त्याचा तेव्हा बराच गाजावाजा झाला होता. जागा सुमारे 1.3 एकर, खर्च सुमारे 1 कोटी 10 लाख रुपये. आणि पूर्वी तेथे होता काय, तर कचऱ्याचा ढीग. ही कल्पना मूळची परदेशी. अमेरिकेत बर्कली येथे 1979 साली ओलोनी नावाचे जे उद्यान सुरू झाले, ते या प्रकारच्या उद्यानांचे आद्यपीठ मानतात. आम्ही हे प्रथम ऐकले तेव्हा मनात म्हटले, “माणसांच्या पोरांना खेळावयास मैदान नाही आणि कुत्र्यांना उद्यान!” परंतु दोनच दिवसांनी ब्राउनीच्या साखळीमागे ओढले जात आम्ही त्याच फाटकातून आत शिरत होतो.

येथील फाटकाचे एक शास्त्र आहे. श्वानोद्यानाला एकामागे एक अशी दोन फाटके लागतात. पहिल्यातून आत यावयाचे, ते लावून घ्यावयाचे, मधल्या चौकात कुत्र्याची साखळी सोडावयाची आणि मगच दुसरे उघडावयाचे. म्हणजे आतला कुत्रा बाहेर निसटत नाही. साखळी तेथेच सोडण्याचे कारणही आम्हांस एका अनुभवी बाईंनी सांगितले. बांधलेल्या कुत्र्याला समोरून मोकळा कुत्रा आला की आपण अडकलो असे वाटते, आणि भीतीपोटी तो गुरगुरतो. दोघेही मोकळे असले की बहुतेक वेळा एकमेकांस हुंगून, अर्धवर्तुळात फिरून, पुढचे पाय जमिनीला टेकवून आणि मागचा भाग उंच करून खेळाचे आमंत्रण देतात. त्या विशिष्ट नमस्काराचा अर्थ, “आता मी जे काही करीन ते खेळातले समजावे,” असा असतो. देवळात शिरताना आपण चपला बाहेर काढतो, त्याची आम्हांस आठवण झाली. मधल्या चौकात कुत्र्यांच्या साखळ्या सुटत, तशी माणसांचीही काही बंधने गळून पडत असत. पण ते आमच्या ध्यानात यावयास पुढे दोन वर्षे लागली.

पहिल्याच दिवशी एका तरुण मुलीने हसून विचारले, “नाम क्या है?” आम्ही आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव क्रमाने सांगितले. ती गोंधळून म्हणाली, “नहीं अंकल, इनका!” आणि तिने ब्राउनीकडे बोट दाखविले. त्या क्षणापासून आम्ही ‘ब्राउनी के दादा’ झालो. तेथील सर्व मंडळी अशीच होती. सिंबाची आई, कोकोचे बाबा, ऑस्करची मावशी! सिंबाची आई एका मोठ्या कंपनीत अधिकारी होती, कोकोचे बाबा रिक्षा चालवीत, आणि ऑस्करची मावशी म्हणजे ऑस्करला सांभाळावयास ठेवलेली एक प्रौढ तेलुगू बाई होती. परंतु हे सर्व आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. संध्याकाळी साडेपाचला मंडळी जमत. कोणाच्या कानाला खाज सुटली, कोणाला गोचिडीचा ताप आला, कोणी जेवत नाही, कोणी म्हातारा झाला, अशा वार्ता चालत. खाऊ आणि चेंडू कोणी आणावयाचा नाही, कारण भांडणे तेवढ्यावरूनच जुंपतात. आपल्या जनावराची घाण आपण उचलावयाची, आणि दुसऱ्याचे लक्ष नसेल तर त्याचीही उचलावयाची. हे नियम कोणी लिहिलेले नव्हते; परंतु एखाद्या जुन्या देवस्थानच्या रिवाजासारखे ते पाळले जात.

आमच्या सौभाग्यवतींना मात्र हा प्रकार प्रारंभी मुळीच रुचला नाही. “अहो, त्या मेळ्यातून येता ते तसेच आत शिरू नका. आधी न्हाणीघरात जा,” असा त्यांचा दंडक होता. ब्राउनीला देवघराच्या उंबऱ्याची मर्यादा होती, आणि कुत्र्याला विटाळ मानण्याविषयी त्या आम्हांस शास्त्र ऐकवीत. आम्हीही मग शास्त्रानेच उत्तर देत असू. महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाने स्वर्गाच्या दाराशी, कुत्र्याला सोडून मी आत येणार नाही, असे इंद्राला स्पष्ट सांगितले. दत्तमहाराजांच्या पायांशी चार श्वान बसले आहेत आणि ते चार वेद होत, असे आपण मुलांना सांगतो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, ती कथा कोणत्या कीर्तनात होत नाही? वैश्वदेवाच्या बलीतही श्वानाचा वाटा आहेच. आणि कर्नाटकात मंड्याजवळच्या आतकूर गावी तर त्याहून नवल घडले होते. शके 872, म्हणजे इसवी सन 949-50 च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात, गंग राजा बूतुग याच्याकडे ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा होता. मणलेर नावाच्या वीराने राजाकडून बक्षीस म्हणून जहागीर न मागता तो कुत्रा मागून घेतला. पुढे काळीने एका मोठ्या रानडुकराशी झुंज दिली आणि दोघेही मेले. तेव्हा शिवालयापुढे त्याच्या स्मरणार्थ शिळा उभारली गेली, तिला जमीन लावून दिली गेली. आणि जो पुजारी त्या शिळेची पूजा न करता जेवील त्याला कुत्र्याचे पाप लागेल, असे तिच्यावर कोरले गेले. ती शिळा आज बंगळूरच्या संग्रहालयात आहे.

सौभाग्यवतींनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पूजा शिळेची करा, नाही कोण म्हणते? पण पाय धुऊन या.”

या मंडळींत एक वृद्ध गृहस्थ होते. सडपातळ बांधा, पांढरी स्वच्छ विजार-सदरा, आणि बरोबर तपकिरी-पांढऱ्या ठिपक्यांचा एक साधा गावठी कुत्रा. त्याचे नाव राजा. इतरांच्या कुत्र्यांना वंशावळीचे कागद होते. राजा हा एका पावसाळ्यात गटाराच्या कडेला सापडलेला. फाटकाबाहेर त्याच्यासारखीच पाच-सात कुत्री रोज बसलेली असत आणि जाळीतून आत पाहत. त्यांच्यात आणि राजात फरक एवढाच होता की राजाच्या गळ्यात पट्टा होता, त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचलेली होती आणि तो कोणाचा तरी होता. ‘तू कोणाचा रे?’ हा आमचा जुना प्रश्न तेथेही फाटकावर उभा होताच. त्याने फक्त माणसांना सोडले होते.

राजाचे आजोबा मितभाषी. आमची बैठक एकाच बाकावर. त्यांची बोली खास हैदराबादी. ‘हौ’ आणि ‘नक्को’ यांनी भरलेली. आता ‘नक्को’ हा दखनी भाषेने मराठीकडूनच घेतलेला शब्द. परंतु हैदराबादेत तो सर्वांच्याच तोंडी असल्यामुळे त्यावरून माणूस ओळखता येत नाही. आम्ही त्यांना जुने तेलुगू पेन्शनर समजत होतो. कुत्र्यांशी तर सर्वच जण इंग्रजीत बोलत. ‘सिट’, ‘स्टे’, ‘कम’. शिकविणाऱ्याने तसेच बजावले होते. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, उद्याने बंद झाली, तेव्हा आम्ही सर्वांनी एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक घेतले. आणि आमच्या यंत्रात त्यांचा क्रमांक ‘राजाचे आजोबा’ या नावाने नोंदला गेला. त्यांच्या यंत्रात आम्ही ‘ब्राउनी के दादा’ होतो. त्या महिन्यांत आम्ही कितीदा तरी बोललो असू. परंतु बोलणे सारे ब्राउनीच्या वजनाचे आणि राजाच्या दातांचे. हिंदीत.

2021 च्या डिसेंबरातील एका संध्याकाळी ते बाकावरून उठले आणि तसेच खाली बसले. घामाने कपडे भिजले होते, चेहरा राखेसारखा झाला होता. कोकोच्या बाबांनी रिक्षा फाटकाशी आणली. सिंबाच्या आईने त्यांना धरले. आम्ही शेजारी बसलो. ऑस्करच्या मावशीने राजाची साखळी हातात घेतली. दहा मिनिटांत रुग्णालय गाठले. त्यांना आत नेले, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाने पुढ्यात कोरा कागद ओढून विचारले, “पेशंट का नाम?”

आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. दोन वर्षे रोज भेटणारी तीन माणसे! त्यांच्या कुत्र्याला कोणते औषध चालत नाही हे आम्हांस तोंडपाठ होते. परंतु त्यांचे नाव तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. शेवटी कोकोचे बाबा चाचरत म्हणाले, “राजा के दादा, साब.” कारकुनाने मान वर करून आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की जमिनीने पोटात घ्यावे असे आम्हांस वाटले. खिशातील यंत्राला कुलूप होते. पाकिटात पैशांखेरीज काही नव्हते. उपचार थांबले नाहीत, हे त्या रुग्णालयाचे उपकार. परंतु घरी कोणाला कळवावे, रक्ताची बाटली लागली तर सही कोणी करावी, पूर्वीचा आजार कोणता, यांतले काहीच आम्हांस सांगता येईना. ज्याला आपण स्नेही म्हणतो त्याचे इतकेही ठाऊक नसणे ही मोकळीक की बेफिकिरी, असा प्रश्न त्या बाकावर बसून आम्ही स्वतःस विचारला, आणि उत्तर आमच्या बाजूचे आले नाही.

तेवढ्यात सिंबाच्या आईला एकदम आठवले. “लस! राजाला आमच्याच डॉक्टरांकडे टोचतात.” पशुवैद्यांच्या नोंदवहीत कुत्र्याचे नाव, वर्ण, लसीची तारीख आणि त्याखाली मालकाचे पूर्ण नाव व पत्ता लिहिलेला असतो. दूरध्वनी केला. पशुवैद्यांनी ‘राजा, गावठी, नर’ ही नोंद काढली आणि खालचे नाव वाचून दाखविले. अशा रीतीने कुत्र्याच्या वहीतून माणसाचे नाव निघाले.

ते नाव ऐकून आम्ही स्तब्ध झालो. नाव स्वच्छ मराठी होते. आडनाव तर असे की ते ऐकताच कोणत्याही मराठी माणसाच्या मनात गाव, जात, पंगतीतले स्थान हे सारे क्षणात उभे राहावे. आमच्या मनात ते उभे राहिले, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. पलीकडे एक माणूस जीवनमरणाच्या सीमेवर होता आणि इकडे आमचे मन जुन्या सवयीने त्याची जागा ठरवीत होते! आणखी एक गोष्ट आम्ही लपविणार नाही. काचीगुड्यात असताना त्या आडनावाच्या घरी आमचे जाणे-येणे नव्हते. तसे कोणी मना केले नव्हते. ते नव्हते, एवढेच.

रात्री त्यांना शुद्ध आली तेव्हा आम्हांस क्षणभर आत सोडले. त्यांचे ओठ हलले. आम्ही कान जवळ नेला. ते मराठीत म्हणत होते, “राजाला घरी न्या. तो सकाळपासून उपाशी आहे.”

“नेतो,” आम्ही मराठीतच म्हणालो. “तुम्ही काळजी करू नका.”

त्यांनी डोळे उघडून आमच्याकडे पाहिले. “अरे,” त्यांच्या तोंडून निघाले, “तुम्ही मराठी?”

दोन वर्षांत प्रथमच आम्ही एकमेकांस आपल्या भाषेत ऐकले, आणि तेही एका कुत्र्याच्या जेवणाविषयी!

नांदेडहून त्यांचा पुतण्या दुसऱ्या दिवशी आला. दुखणे हृदयाचे होते. पुढे दीड महिना ते नांदेडला राहिले. राजा आमच्याकडे आला. सौभाग्यवतींच्या सोवळ्याचे काय होणार, या चिंतेत आम्ही होतो. त्यांनी राजाकडे पाहिले. तो दाराच्या आतही येईना. पायपुसण्यावर बसून जिन्याकडे टक लावून वाट पाहत होता. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवून झाल्यावर सौभाग्यवतींनी आमच्या पानाआधी दहीभात कालविला आणि स्वतः दाराशी बसून त्याला भरविला. “पाहता काय?” त्या आम्हांस म्हणाल्या, “वैश्वदेवात वाटा आहे म्हणून तुम्हीच सांगत होता ना? नुसते सांगून पोट भरते का कोणाचे?” आतकूरच्या शिळेवरील शासन आमच्या घरी त्या दिवशी अमलात आले.

माघात राजाचे आजोबा परतले. उद्यानातील मंडळींनी त्यांचे जे स्वागत केले त्यात राजाचा वाटा अर्थातच सिंहाचा होता. आम्ही दोघे आमच्या बाकावर बसलो, आणि आता मराठीत बोलावयाचे म्हणून प्रथम दोघेही जरा लाजलो. तेही विवेक वर्धिनीचे, आमच्या पुढे दोन वर्षे! मग साहजिकच त्यांनी विचारले, “तुम्ही मूळचे कुठले?” आम्ही गोवा, प्रियोळ, मंगेश असे सांगितले. त्यांनी आपले मराठवाड्यातील गाव सांगितले. आणि मग जी क्षणभर शांतता पसरली, ती दोघांसही कळली. मागील दोन वर्षांत त्या बाकावर अशी शांतता कधीच आली नव्हती. आपण एकमेकांचे कोण लागतो हे ठाऊक नव्हते, तेव्हा आम्ही अगदी जवळ बसत होतो. ठाऊक झाले आणि मध्ये वीतभर जागा पडली. सुदैवाने राजाने तेवढ्यात ब्राउनीला पाण्याच्या हौदात ढकलले आणि आम्हां दोघांस एकदमच ओरडावे लागले. या वेळी दोघेही मराठीत ओरडलो. कुत्र्यांना मराठी उत्तम समजते, हेही त्या दिवशी सिद्ध झाले.

त्या प्रसंगानंतर मंडळींनी एक वही केली. सिंबाच्या आईने रकाने आखले. पहिला रकाना कुत्र्याच्या नावाचा. दुसरा लसीच्या तारखेचा. तिसऱ्यावर तिने लिहिले, ‘रुग्णालयात सांगण्याचे नाव’. त्यापुढे पत्ता, रक्तगट, नेहमीचे औषध आणि घरच्या माणसाचा क्रमांक. आमचे नाव तेथे ब्राउनीच्या नावापुढे आहे. देवस्थानच्या यादीत आम्ही वडिलांमुळे आलो; या यादीत एका मुक्या जीवाची रोज घाण उचलतो म्हणून आलो. कोणती नोंद श्रेष्ठ, हे आम्ही ठरवीत नाही. मंगेशापुढे उभे राहिलो की ‘मी अमक्याचा नातू’ हे म्हणताना आमचा ऊर आजही भरून येतो. परंतु पहिली नोंद आम्हांस फुकट मिळाली आणि दुसरीसाठी रोज संध्याकाळी साडेपाचला उठावे लागते, एवढा फरक आमच्या ध्यानात आला आहे.

वाचकांपैकी काहींना आतापर्यंत राजाच्या आजोबांचे आडनाव जाणून घेण्याची उत्कंठा लागली असेल. ती स्वाभाविक आहे. आम्हांसही लागली असती. परंतु ते आम्ही येथे देत नाही. ते वहीच्या तिसऱ्या रकान्यात आहे आणि रुग्णालयातील कारकुनाने विचारल्यास आम्ही तत्काळ सांगू. बाकी सर्वांसाठी ते राजाचे आजोबा आहेत.